गरवे भात: तारखेचे पीक आणि मुदतीचे पीक

उल्हास नदीच्या खोऱ्यात, कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना जी भातखाचरे पूर्वी सलग पसरलेली होती आणि वांगणी-शेलूच्या बाजूला अजूनही काही प्रमाणात टिकून आहेत, त्यांत पिकणाऱ्या भाताचे शेतकऱ्यांनी पूर्वापार तीन वर्ग मानले आहेत: लवकर हाती येणारे ते हळवे, सर्वांत उशिरा येणारे ते गरवे आणि दोहोंच्या मधले ते निमगरवे. कृषी खात्याच्या पत्रकांत आणि बियाण्यांच्या दुकानांत हे शब्द इतके रुळले आहेत की, त्यांचा अर्थ ‘कमी दिवसांचे’ आणि ‘जास्त दिवसांचे’ एवढाच आहे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. जुन्या गरव्या भाताच्या बाबतीत हा समज अपुरा आहे. ते भात जास्त दिवस घेई हे खरे, पण नेमके किती दिवस घेईल हे ठरलेले नसे. ठरलेली असे ती निसवण्याची, म्हणजे पोटरीतून लोंबी बाहेर पडण्याची, वेळ. ही वेळ ते रोप पेरणीपासूनचे दिवस मोजून नव्हे, तर रात्रीची लांबी मोजून धरीत असे. बदलापूर परिसरातील भातशेतीत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत झालेला एक मोठा बदल या गुणाभोवती फिरतो, आणि तो शेतात जितका झाला तितकाच ‘गरवे’ या शब्दाच्या अर्थातही झाला.

बदलापूर आज अंबरनाथ तालुक्यात मोडते. १८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा ते कल्याण तालुक्यातले गाव होते आणि त्याच्या शिवारातून लोहमार्ग जाऊ लागल्याला पाव शतक उलटले होते. त्या खंडात जिल्ह्यातील भाताचे हळवे आणि गरवे असे दोन मुख्य भेद नोंदलेले आहेत: थोड्या पाण्यावर भागवणारे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने तयार होणारे हळवे, तर भरपूर व टिकाऊ पाणी मागणारे आणि नोव्हेंबरपर्यंत न पिकणारे गरवे. ही विभागणी जमिनीच्या उतारातून आलेली आहे. डोंगराच्या पायथ्यापासून नदीकडे जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येते. वरच्या अंगाच्या, हलक्या मातीच्या खाचरांतले पाणी पाऊस उघडताच ओसरते, तर ओढ्याकाठच्या आणि नदीकडच्या खोलगट खाचरांत ते ऑक्टोबरअखेरपर्यंत टिकते. वरच्या खाचरात गरवे लावले, तर दाणा भरण्याच्या वेळी पायाखालची माती भेगाळलेली असते. खालच्या खाचरात हळवे लावले, तर ते भर पावसात निसवते आणि कापणीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभे असते. कोणत्या बांधापर्यंत हळवे आणि कोणत्या बांधाखाली गरवे, हे त्यामुळे प्रत्येक गावात जमिनीनेच आखून दिलेले होते.

भर पावसात निसवण्याचे नुकसान किती असते, हे लोंबीकडे जवळून पाहिल्यावर कळते. भाताचे फूल म्हणजे दोन तुसांच्या मिटलेल्या शिंपल्यात दडलेले सहा पुंकेसर आणि दोन पिसांसारख्या कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारे तुरे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, उन्हाची ऊब मिळू लागली की, तुसे एकमेकांपासून सुटतात, पिवळसर पुंकेसर बाहेर लोंबू लागतात, पराग सांडतो आणि तासाभरात तुसे पुन्हा मिटतात. त्या फुलाच्या आयुष्यातली उघडण्याची वेळ एवढीच. एका लोंबीतली सारी फुले उमलायला आठवडाभर लागतो. या दिवसांत सकाळी मुसळधार पाऊस असला, तर पराग धुऊन जातो, दाणा धरत नाही आणि झोडणीच्या वेळी सुपातून उडून जाणारे पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, तेवढे वाढतात. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला सर्वाधिक जुलैत पडतो आणि मोसमी वारे मागे फिरतात ते ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणून खोलगट जमिनीतल्या भाताने सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी निसवावे, पाऊस उघडत असताना फुलावे, उरलेल्या ओलीवर दाणा भरावा आणि कोरड्या आकाशाखाली कापले जावे, हेच सोयीचे असते.

खरी अडचण अशी की, पावसाची सुरुवात दरवर्षी एकाच दिवशी होत नाही. राब, म्हणजे पालापाचोळा, भाजून तयार केलेल्या दाढीत, म्हणजे रोपे वाढवण्याच्या वाफ्यात, काही वर्षी रोहिणी नक्षत्रातच धूळपेर होते, तर काही वर्षी मृग कोरडा जाऊन आर्द्रा लागल्यावर बी पडते. लावणी कधी जूनअखेर उरकते, कधी जुलैच्या अखेरीपर्यंत लांबते. ठरावीक दिवसांनी फुलणारे भात असेल, तर पेरणीला जेवढा उशीर तेवढाच फुलोऱ्याला उशीर होणार. जुने गरवे भात मात्र पेरणीतला हा महिन्याभराचा फरक बहुतांशी पचवून टाकी. लवकर लावलेले आणि उशिरा लावलेले गरवे थोड्याफार दिवसांच्या अंतराने निसवे; उशिरा लावलेल्याला फुटवे कमी येत, रोप बुटके राही, उत्पन्न घटे, पण कापणीची वेळ फारशी हलत नसे. पावसाळ्याचा आरंभ बेभरवशाचा आणि शेवट त्यामानाने ठरलेला अशा प्रदेशात हा गुण म्हणजे पिकाचा विमाच होता. भारतातील भातशास्त्रज्ञांनी पुढे या दोन प्रकारच्या वाणांना वेगवेगळी नावे दिली. त्यांचा आशय मराठीत ‘हंगामाला बांधलेले’ आणि ‘मुदतीला बांधलेले’ असा सांगता येईल. गरवे हंगामाला बांधलेले होते, हळवे बहुतांशी मुदतीला.

येथे एका अतिशयोक्तीपासून सावध राहणे बरे. कोकणातल्या शेतकऱ्याला वनस्पतींचे प्रकाशज्ञान शास्त्रज्ञांच्या आधी ठाऊक होते, असे विधान अधूनमधून अभिमानाने केले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्याला परिणाम ठाऊक होता, कारण नव्हे. गरवे भात अमक्या नक्षत्रात निसवणार हे तो जाणत होता, पण ते रात्र वाढल्यामुळे की गारवा आल्यामुळे की पाणी कमी झाल्यामुळे, हे ठरवण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते आणि त्याची त्याला गरजही नव्हती. ज्या रोपांनी वेळ साधली त्यांचेच बी पुढच्या वर्षासाठी कणगीत गेले आणि ज्यांनी चुकवली त्यांचे आपोआप वगळले गेले. शेकडो वर्षांच्या या निवडीतून रोपाच्या अंगातले घड्याळ त्या त्या खोऱ्याला जुळत गेले.

तरीही त्याने कालगणनेची जी चौकट वापरली ती विलक्षण अचूक होती. सण-उत्सव चांद्र तिथींवर चालतात, त्यामुळे गणेश चतुर्थी कधी ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते, तर कधी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. शेती मात्र मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा या पर्जन्यनक्षत्रांवर चालते, आणि ही नक्षत्रे सूर्याची आहेत, चंद्राची नव्हेत. सूर्य मृगात जातो तो दरवर्षी ७ किंवा ८ जूनला आणि हस्तात जातो तो २६ किंवा २७ सप्टेंबरला. दिवसाची लांबी सूर्याच्या स्थानावरच अवलंबून असल्यामुळे ‘उत्तरेत पोटरी, हस्तात निसवण’ असा हिशेब मांडणारा शेतकरी, नकळत का होईना, दिवसमानाचाच हिशेब मांडत होता. (अयनचलनामुळे ही नक्षत्रे ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, पण बियाण्यांच्या दोन-चार पिढ्यांत हा फरक जाणवण्याजोगा नाही.) याच पंचांगातल्या दुसऱ्या, चांद्र धाग्याशी जोडला गेलेला तेरडा बिचारा वेगळ्या कात्रीत सापडतो. गौरीच्या पूजेला लागणारा तेरडा हाही लहान दिवसांत फुलणारा. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठात के. के. नंदा यांनी फुलण्याच्या क्रियेवर जे दीर्घ संशोधन केले, ते याच झाडावर. गौरी मागेपुढे होतात, तेरड्याचा बहर आपल्या वेळेवर येतो.

रात्रीच्या लांबीचा हा संबंध शास्त्रात प्रस्थापित झाला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. वनस्पती प्रकाशाकडे वळतात हा विषय जुना होता, चार्ल्स डार्विन आणि त्यांचा पुत्र फ्रान्सिस यांचे त्यावरील पुस्तक १८८० साली निघाले होते. परंतु प्रकाश वनस्पतीला वेळ सांगतो ही कल्पना वेगळी आहे. फ्रान्समधील ज्युलियन तूर्नवा यांनी १९१२ ते १९१४ या काळात भांग आणि हॉप या वनस्पतींवरील प्रयोगांतून फुलण्याचे कारण दिवसाचे लहान होणे नसून रात्रीचे मोठे होणे असावे, असे सुचवले, पण पहिले महायुद्ध सुरू होताच ते त्यात मारले गेले आणि धागा तुटला. तो पुन्हा हाती आला अमेरिकेच्या कृषी खात्यातील वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलर्ड यांच्या. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथील शेतावर ‘मेरिलँड मॅमथ’ नावाचा तंबाखूचा एक वाण होता. उन्हाळ्यात तो माणसाच्या दुपटीच्या जवळपास उंच वाढे, पण फुलत नसे, आणि हिवाळ्यात काचघरात लावला की लहान असतानाच फुले. दुसरे कोडे सोयाबीनचे होते: ‘बिलॉक्सी’ वाण वसंतात केव्हाही पेरला, तरी सगळी झाडे सप्टेंबरच्या सुमारास एकदमच फुलत. कोकणातल्या गरव्या भाताची गोष्ट नेमकी हीच आहे. तापमान, ओल, खत यांची शक्यता एकेक करून बाद केल्यावर दोघांनी १० जुलै १९१८ रोजी कुंड्या दुपारनंतर एका अंधाऱ्या लाकडी खोपटात ढकलायला सुरुवात केली, आणि ज्यांचा दिवस असा कृत्रिमपणे आखूड झाला ती झाडे फुलली. त्यांचा निबंध १९२० साली प्रसिद्ध झाला. या गुणाला त्यांनी जे नाव दिले, त्यासाठी मराठीत ‘दीप्तिकालिता’ हा शब्द आहे: दीप्ती म्हणजे प्रकाश, त्याच्या काळाला वनस्पतीने दिलेला प्रतिसाद.

हा निबंध निघाला त्याच्या एकच वर्ष आधी, १९१९ साली, बदलापूरपासून लोहमार्गाने तासाच्या आत असलेल्या कर्जत येथे सरकारी भात संशोधन केंद्र सुरू झाले होते. दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, पण पुढच्या अर्धशतकात त्यांच्या वाटा एकमेकींना येऊन मिळाल्या.

गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी झाडांचे अल्पदिन आणि दीर्घदिन असे वर्ग केले. भात, सोयाबीन, शेवंती, तेरडा हे अल्पदिन, म्हणजे दिवस एका मर्यादेपेक्षा लहान झाल्यावर फुलणारे, तर गहू, पालक, मुळा हे दीर्घदिन. ही नावे टिकली असली, तरी ती काहीशी फसवी आहेत. १९३८ साली कार्ल हॅम्नर आणि जेम्स बॉनर यांनी शंकेश्वरावर प्रयोग केले. पडीक जागेत उगवणारे आणि काटेरी फळे कपड्यांना चिकटवणारे हे झुडूप महाराष्ट्रातही सर्वत्र दिसते. दिवसा थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला त्याचे काही वाटत नाही, परंतु लांब रात्रीच्या मध्ये काही मिनिटे दिवा लावला, तर ती रात्र झाडाच्या लेखी वाया जाते आणि फूल येत नाही, असे त्यांना आढळले. झाड मोजते ती अखंड अंधाराची लांबी. हे मोजमाप पाने करतात, शेंडा नव्हे. आणि पानाकडून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो हे ओळखून रशियातील मिखाईल चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच त्या निरोपाला ‘फ्लोरिजेन’, म्हणजे फूल घडवणारे द्रव्य, असे नाव देऊन ठेवले होते. ते द्रव्य हाती लागायला सत्तर वर्षे जायची होती.

अंधार मोजणारा डोळा त्याआधी सापडला. मेरिलँडमधील बेल्ट्सव्हिल येथे हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर लाल आणि दूरलाल प्रकाशाचे झोत आलटून पालटून टाकले. दूरलाल म्हणजे दृश्य लाल रंगाच्या पलीकडचा, मानवी डोळ्याला जेमतेम जाणवणारा प्रकाश. शेवटचा झोत लाल असला की बी रुजे, दूरलाल असला की रुजत नसे, मग आधी कितीही वेळा अदलाबदल झालेली असो. विजेच्या बटणासारखे चालू-बंद होणारे एकच रंगद्रव्य यामागे असले पाहिजे, हा त्यांचा तर्क १९५९ मध्ये प्रत्यक्ष मोजणीने खरा ठरला आणि त्या निळसर प्रथिनाला ‘फायटोक्रोम’ हे नाव मिळाले. ते सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाने एका रूपात जाते आणि सुमारे ७३० नॅनोमीटरच्या दूरलाल प्रकाशाने परत येते. हिरवी पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि दूरलाल पुढे जाऊ देतात, म्हणून दाटीत वाढणाऱ्या रोपाला शेजाऱ्याची सावली या प्रमाणातूनच कळते आणि ते उंच धावू लागते. दाढीत बी फार दाट पडले की, आवण, म्हणजे लावणीची रोपे, लांबुळके आणि नाजूक होते, यामागेही हीच यंत्रणा असते. रात्री मात्र हे रंगद्रव्य रोपाच्या अंतर्गत घड्याळाशी जोडून वापरले जाते: घड्याळ वेळ सांगते, फायटोक्रोम त्या वेळी उजेड आहे की अंधार हे सांगते.

भाताच्या बाबतीत पुढचे दुवे जपानमध्ये जुळले. मासाहिरो यानो यांच्या गटाने २००० साली ‘एचडी १’ हे जनुक ओळखले, जे लहान दिवसांत फुलण्याला चालना देते आणि मोठ्या दिवसांत तेच फुलणे रोखून धरते. आणि को शिमामोतो यांच्या गटाने २००७ साली दाखवून दिले की, ‘एचडी ३ए’ या जनुकाच्या सूचनेनुसार पानात तयार होणारे एक प्रथिन रसवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत पोहोचते आणि तेथे पाने घडवणे थांबवून लोंबी घडवायला लावते. चायलाख्यानच्या फ्लोरिजेनचे भातातले रूप ते हेच. निरोप पोहोचल्यापासून लोंबी दिसेपर्यंत सुमारे तीस दिवस आणि निसवल्यापासून दाणा पिकेपर्यंत आणखी साधारण तेवढेच. म्हणजे नोव्हेंबरच्या आरंभी कापल्या जाणाऱ्या गरव्या भाताने आपला निर्णय पूर्वा नक्षत्राच्या सुमारास, शेतात काहीही दिसत नसताना, घेतलेला असतो.

बदलापूर १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे आणि तेथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. आर्लिंग्टनला उन्हाळ्यातला दिवस पंधरा तासांच्या जवळ जातो आणि हिवाळ्यातला साडेनऊवर येतो. एवढ्या थोड्या चढउतारावर कोकणातले भात वेळ कशी साधते, हा प्रश्न साहजिक आहे. २१ जूनपासून जुलैअखेरपर्यंतच्या चाळीस दिवसांत येथला दिवस जेमतेम पाव तासाने आखडतो, म्हणजे लावणीच्या काळात रोपाच्या दृष्टीने फारसे काही घडत नाही. एकट्या ऑगस्टमध्ये मात्र तो जवळजवळ अर्ध्या तासाने आखडतो आणि सप्टेंबरातही रोज मिनिटभराच्या आसपास कमी होत जातो. उष्ण कटिबंधातल्या भाताला एवढे पुरते. जे. डोर यांनी १९५९ मध्ये मलायातील ‘सियाम २९’ या वाणाविषयी दाखवले की, विषुववृत्तालगतच्या मलाक्कासारख्या ठिकाणी, जेथे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत केवळ चौदा मिनिटांचा फरक आहे, तेथेही ते भात तो फरक ओळखते. त्यापुढे बदलापूरचे सव्वादोन तास म्हणजे चैन आहे.

कर्जत केंद्राच्या पहिल्या काही दशकांतील कामात हे घड्याळ मोडण्याचा विचार नव्हता. आर. के. भिडे आणि एस. जी. भालेराव यांचा उत्तर कोकणातील कोलंबा भात आणि निवड पद्धतीने त्याची सुधारणा या विषयावरचा प्रबंध १९२७ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांच्या शेतांतून लोंब्या गोळा करायच्या, एकेका लोंबीची संतती वेगळी वाढवायची आणि त्यांतली सरस ओळ निवडायची, अशी ती पद्धत. कोलंबा ४२, झिनिया ३१, पटणी ६, भडस ७९, पनवेल ६१ ही इलाख्याच्या काळातली नावे याच परंपरेतली आहेत. या निवडलेल्या भातांत उत्पन्न वाढले, दाणा एकसारखा झाला, पण ते त्याच खोऱ्याच्या मातीतले आणि त्याच खोऱ्याच्या रात्रींना जुळलेले राहिले. हळव्या जमिनीसाठी मुद्दाम लवकर येणारी कोळपी ७० निवडली गेली, यावरून खाचरांची जुनी वाटणी केंद्राने मान्य करूनच काम चालवले होते, हे स्पष्ट होते.

वळण आले ते १९६६ साली. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तैवानचा बुटका ‘डी-जिओ-वू-जेन’ आणि इंडोनेशियाचा उंच ‘पेटा’ यांच्या संकरातून ‘आयआर ८’ हा वाण दिला. त्याची ख्याती बुटकेपणासाठी झाली, कारण खताचा मोठा हप्ता दिला तरी तो लोळत नसे. पण त्याचा दुसरा गुण तितकाच महत्त्वाचा होता आणि त्याची चर्चा कमी झाली. त्याला रात्रीच्या लांबीशी जवळजवळ काही देणेघेणे नव्हते. एकच बी मनिलात, कटकला आणि कर्जतला, जूनमध्ये किंवा जानेवारीत पेरता यावे, हे संशोधकांचे उद्दिष्ट होते, आणि दिवसमानाला बांधलेल्या भाताने ते साध्य होणे शक्य नव्हते. भारतात त्याच घराण्यातून १९६८ साली ‘जया’ आणि १९७० साली ‘रत्ना’ हे वाण आले. कोकणात दोन्ही इतके पसरले की पन्नास वर्षांनंतरही ती नावे बियाण्यांच्या दुकानात ऐकू येतात. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले, कर्जत केंद्र त्याच्याकडे आले आणि कर्जत, रत्नागिरी, पनवेल या नावांनी पुढे क्रमांक लावलेले वाण निघत गेले. १९९८ मध्ये कर्जतहूनच ‘सह्याद्री’ हा संकरित वाण आला.

या बदलाने दिलेले फायदे नाकारण्याजोगे नाहीत. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटणारे पाणी राजनाल्याने कर्जत तालुक्यातल्या शेतांपर्यंत जाते आणि त्यावर उन्हाळी भात उभे राहते. हंगामाला बांधलेल्या जुन्या गरव्याने हे जमले नसते, कारण हिवाळ्यातल्या लांब रात्रींत ते फुटवे येण्याआधीच फुलून गेले असते किंवा वाढत्या दिवसांत नुसते हिरवे राहिले असते. उत्पन्न वाढले, हे तर उघडच आहे. विमा मात्र गेला. मुदतीच्या भाताची लावणी लांबली की, निसवणेही लांबते. लवकर लावले गेले आणि पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला, तर कापलेल्या भाताच्या कवळ्या खाचरातच भिजतात आणि दाण्याला कोंब फुटतात. जुन्या व्यवस्थेत हा धोका रोप स्वतः सांभाळत होते, नव्या व्यवस्थेत तो शेतकऱ्याने हवामानाच्या अंदाजावर सांभाळायचा आहे.

आणि याच काळात शब्दाचा अर्थ सरकला. आजच्या शिफारस-पुस्तिकांत हळवे, निमगरवे आणि गरवे यांची व्याख्या दिवसांच्या संख्येने केलेली असते: साधारणपणे ११५-१२० दिवसांच्या आतले हळवे, १३५ च्या पुढचे गरवे. मुदतीच्या वाणांसाठी ही व्याख्या अगदी योग्य आहे. जुन्या गरव्याला ती लावता येत नाही, कारण त्याच भाताला मृगात पेरले तर एक आकडा येतो आणि आर्द्रा संपताना पेरले तर दुसरा. अशा भाताची ओळख दिवसांच्या आकड्याने नव्हे, तारखेने सांगावी लागते. शब्द तोच राहिला. त्यातली तारीख जाऊन मुदत आली. भातानंतरच्या ओलीवर घेतल्या जाणाऱ्या वालाच्या बाबतीतही हीच कथा थोड्या फरकाने घडत आहे: गावठी वाल थंडीतल्या लहान दिवसांत फुलतो, म्हणून पोपटीचा, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भाजून खाण्याचा, हंगाम थंडीतला; ‘कोकण भूषण’सारखा वाण दिवसमानाला बांधलेला नाही, त्यामुळे तो इतर हंगामांतही शेंगा देतो.

बदलापूरपुरते बोलायचे तर या कथेला आणखी एक पदर आहे, आणि तो बियाण्याचा नसून दिव्यांचा आहे. कात्रप, बेलवली, मांजर्ली, खरवई, एरंजाड ही एकेकाळची भाताची गावे. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. खाचरे बुजवून इमारती उभ्या राहिल्या हे सर्वांना दिसते. ज्या खाचरांत अजून भात आहे, त्यांच्या रात्री बदलल्या हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पौर्णिमेच्या चांदण्याची तीव्रता लक्सच्या, म्हणजे प्रकाशतीव्रतेच्या एककाच्या, एक चतुर्थांश भागाच्या आसपास असते. रस्त्यावरच्या खांबाखाली ती त्याच्या कितीतरी पट असते, आणि रात्रभर पडणाऱ्या काही थोड्या लक्सनेही दिवसमान ओळखणाऱ्या भाताचे निसवणे लांबते. दिव्याच्या वर्तुळातले भात हिरवेगार उभे आणि वर्तुळाबाहेरचे पिवळे पडून लोंब्यांनी वाकलेले, असे दृश्य जपानमध्ये इतके परिचयाचे आहे की, तेथे भाताला न बाधणारे रस्त्याचे दिवे तयार करण्यावर संशोधन झाले. बदलापुरात असे दृश्य क्वचितच दिसते, याचे कारण येथले दिवे सौम्य आहेत हे नव्हे; येथले भातच आता रात्र मोजत नाही. उलट, एखाद्याने हौसेने जुने गरवे बी मिळवून वस्तीलगतच्या खाचरात लावले, तर शंकेश्वराच्या प्रयोगातल्या दिव्याचे काम खांबावरचा दिवा करील आणि दोष बियाण्याच्या माथी बसेल.

देशी वाणांचे बी जपण्याचे काम आता अनेक ठिकाणी चालते. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या शीतगृहात भाताचे लाखभर नमुने आहेत, आणि २००१ च्या कायद्यानुसार शेतकऱ्याला आपला पारंपरिक वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो. त्या नोंदणीत निसवण्याचा काळही टिपला जातो, मात्र दिवसांच्या गणतीत. वांगणी, बारवी धरणाची बाजू किंवा कर्जत-मुरबाडकडची गावे येथे ज्यांच्या कणगीत अजून गरव्याचे बी असेल, त्यांनी ते पुढच्या पावसाळ्यात दिव्यांपासून दूरच्या खाचरात दोनदा, पंधरवड्याच्या अंतराने पेरावे आणि चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात: पहिल्या पेरणीची तारीख, दुसऱ्या पेरणीची तारीख, आणि दोन्ही वेळची निम्म्या रोपांनी निसवल्याची तारीख. शेवटच्या दोन तारखा एकमेकींच्या जवळ आल्या, तर ते बी जुन्या अर्थाने गरवे आहे.